मिटलेला प्लेअर

९ फेब्रुवारी, रविवार

ती. ताईस नमस्कार.

इकडे सगळे ठीक. तुझ्या भावजयीचा खोकला गेला. धाकटीला पुढचे दोन दात आले आणि आता ती दिसेल त्याला चावत सुटली आहे. माझ्या बढतीचं पत्र हातात पडलं, तू विचारलं होतंस म्हणून सांगतो.

काल फोनवर तू म्हणालीस, बाबांचा तो छोट्या पडद्याचा डीव्हीडी प्लेअर दुकानात दाखवला, दुकानदार म्हणतो काहीच बिघाड नाही, आणि बाबा म्हणतात बॅटरी गेली. मीही बॅटरीच म्हणालो. आम्ही दोघंही तुझ्याशी खोटं बोललो, ताई. फोनवर खरं सांगायला जीभ रेटेना, म्हणून हे पत्र.

बाबांना तुझ्याकडे आणत होतो, त्या दिवशीची गोष्ट. गाडीत जवळच्या जागा मिळाल्या नाहीत. बाबा खिडकीशी, मी दोन रांगा मागे. गाडी सुटते न सुटते तोच त्यांनी प्लेअर मांडीवर उघडला आणि तुझ्या लग्नाची डिस्क लावली. इअरफोन घातला की कानातलं यंत्र शिट्टी मारतं, म्हणून आवाज मोकळाच, तोही पूर्ण. आणि बघायचं काय, तर ती एकच जागा. आई गर्दीतून हात हलवत ओरडते, "अहो, इकडे बघा की!" तेवढंच. बाबा पुन्हा मागे नेणार, आई पुन्हा ओरडणार. सात-आठ वेळा तरी झालं असेल. घरी मी त्यांना चिडवतो, "आई गेली तरी तुमच्यावर ओरडायची काही थांबत नाही." तेही हसतात.

पण त्या दिवशी माझ्या शेजारी नेमक्या आमच्या ऑफिसच्या मोठ्या बाई येऊन बसल्या होत्या. माझी बढती त्यांच्याच सहीवाचून अडलेली.

"काय कटकट आहे! कोण आहेत हो ते?" बाई वैतागून म्हणाल्या.

"काय माहीत," मी म्हणालो.

"मग जरा सांगा ना त्यांना."

निदान तेव्हा तरी मी भानावर यायला हवं होतं. मी उठलो. बाबांच्या खांद्याला हात लावला आणि म्हणालो, "आजोबा, आवाज कमी करा. लोकांना त्रास होतोय."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागे बाईंकडे. बाईंना ते ओळखत नाहीत, पण माझा चेहरा ओळखतात. "चुकलं साहेब," म्हणाले आणि झाकण मिटलं.

उतरताना वरच्या बॅगेला त्यांचा हात पुरेना. बाई माझ्या मागेच उभ्या होत्या. "साहेब, तेवढी बॅग काढून देता का?" बाबांनी मला विचारलं. मी काढून दिली. त्यांनी माझे आभार मानले. माझ्या बापाने माझे आभार मानले, ताई, आणि मी मान हलवली.

बाहेर ते एका बाकावर जाऊन बसले. बाई दिसेनाशा झाल्यावर मी जवळ गेलो, तर एवढंच म्हणाले, "गेल्या का तुझ्या बाई? चल मग. ताई वाट बघत असेल."

तेव्हापासून तो प्लेअर मिटलेलाच आहे. त्यांनी मला सांभाळून घेतलं, आणि आईचा आवाज मात्र बंद पडला. मला फार लाज वाटते. बढतीबद्दल कुणी अभिनंदन केलं की पायाखाली बघतो.

शनिवारी त्यांना न्यायला येतोय. या वेळी शेजारशेजारच्या जागा काढल्या आहेत. पण त्याआधी माझं एक काम कर. हे पत्र त्यांना वाचून दाखव. कानात यंत्र असलं तरी मोठ्यानेच वाच. भाओजी, मुलं, शेजारीपाजारी, कुणाला ऐकू गेलं तरी चालेल.

बाबांचा मुलगा,
तुझा धाकटा भाऊ