विहिरीपासून तिसरी खोली

४ फेब्रु., बुध.
सकाळच्या एसटीनं मुरुडहून बंदरावर. गुडघा कुरकुरतोच. जेट्टीचा रस्ता रुंद होणार, त्याआधी हमाल आळीत खणून बघायला विद्यापीठाची पोरं आलीत. परवानगी एकाच खोलीची, मुदत ११ तारखेपर्यंत. त्यांची मुख्य स्नेहल, मला आजोबा म्हणते. कुठली खोली खणू, विचारलं. विहिरीपासून तिसरी दाखवली. आमची. चिऱ्याच्या भिंती कमरेएवढ्या उरल्यात. उपसलेली माती शेजारच्या चौथीवर टाकतायत.

७, शनि.
जमीन लागली. शेणाचे थर, एकावर एक, पापुद्र्यासारखे. कोनाड्यात पाटीच्या पेन्सिलीचे तुकडे. माझेच. इथंच बसून शाळेतल्या कविता घोकल्या. स्नेहलनं ते पिशवीत भरून वर माझं नाव लिहिलं.
दुपारी उखळ निघालं, दगडी, जमिनीत पुरलेलं.
आमच्यात उखळ नव्हतं.
ते शेजारच्या हिराकाकीचं. तिच्या मुसळाच्या ठेक्यावर मी कविता म्हणायचो. ती थांबली की अडायचो. म्हणजे ही खोली...
बोललो नाही कुणाला. परतताना डोळे मिटून बसलो.

९, सोम.
गणा आला, हिराकाकीचा थोरला. काठीवर रेलून खड्ड्यात बघितलं नि हसला.
"बाळ्या, ह्यी आमची खोली रं. तुझी त्या ढिगाखाली हाय. आमच्यातच पडीक असायचास, तुला ती तुझीच वाटनार."
हळू बोल म्हटलं.
"पोरीला सांगितलं न्हायस?"
मी चहा पुढं केला.
"मग तुझी आई ऱ्हायली की मातीत."
चहा न घेता गेला.

खोटं काय बोलला? आमच्या खोलीत बाबा पाठ धरून पडलेले, पोती वाहून वाहून. मोठ्यानं वाचायची सोय नव्हती. आई दिवसभर काय करायची, आठवत नाही. आठवतात भिंतीवरच्या तीन थापा: भात झाला, ये. मी कविता संपवून जायचो. भात निवलेला. जन्मभर आमचं घर म्हणून सांगत आलो ते सगळं शेजारचं.

१०, मंगळ.
सांगितलं. स्नेहल वहीची पानं मागं उलटत राहिली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.
"आजोबा, मग बाकीचं तुम्ही सांगितलेलं?"
खरंय, म्हटलं. फक्त भिंतीच्या अलीकडचं.
तिनं परवानगीच्या साहेबांना फोन लावला. ढीग हलवायलाच दोन दिवस हवेत, हातात एक. वर विचारून कळवतो म्हणाले.
पिशवीवरचं माझं नाव तिनं खोडलं नाही. खाली हिराबाईंचं लिहिलं. बरं केलं.

११, बुध.
फोन नाही. बुलडोझर रस्त्याकडेला येऊन उभा. तरी स्नेहलनं सकाळपासून दोघांना ढिगाच्या कडेला लावलंय. ओंजळभर कमी झालाय म्हणा.
सगळी जेवायला गेली. मी खड्ड्यात उतरलो, कसाबसा. मधल्या भिंतीला हात टेकला. आईच्या थापांना मी अलीकडून कधी थाप दिली नव्हती. आज तीन दिल्या. पलीकडे माती ठासलेली, आवाज बसका.
वर आलो. ढिगातलं एक घमेलं भरलं. उचलवेना, ओढत नेलं.