जवळा बाजारची बाई

गुरुजी, तुमची ती जुनी वही मी सध्या उतरवून काढतो आहे. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनच्या वर्गात सुवार्तेचं काम शिकायला आलेल्या पोरांची वही. तिच्यातला नियम तुम्ही आम्हालाही लावला होता. बाजारात उपदेश करून आल्यावर किती माणसं जमली ते सांगायचं नाही. कोणा एकाची तकलीफ ऐकून यायची, ती वर्गापुढे सांगायची आणि सगळ्यांनी त्या माणसासाठी प्रार्थना करायची.

मी जवळा बाजार गावी पहिल्यांदा एकटा गेलो. कापसाच्या गाड्यांजवळ उभा राहून दोन वाक्यं बोललो, लोक हसले आणि माझी दांडी गुल झाली. उरलेला सगळा वेळ भजेवाल्याच्या मागे लपून काढला. संध्याकाळी तुम्ही विचारता, "कोणाची तकलीफ आणली?" आणि मी ठोकून देतो, "तांड्यावरची एक बाई होती, गुरुजी. तिचं लेकरू आजारी हाय, उठून न्हाई राहिलं."

"नाव काय तिचं?"

"इचारायचं राहिलं."

"राहू दे. देवाला बराबर माहीत असंल."

मला वाटलं, आठ दिवसांत विसराल. पुढे मी तुमच्याच हाताखाली राहिलो, तुमच्याच घरी जेवलो, आणि तुम्ही वर्षानुवर्षं रोज ताटावर बसून तिच्यासाठी प्रार्थना करत राहिलात. भाकरी गार व्हायची. तुमच्या घरच्या बाई चिडायच्या, "बरं झालं असंल की आता ते लेकरू, जेवा!" मला खरं सांगायची छाती झाली नाही. शेवटच्या दुखण्यात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "त्या बाईचं पोरगं आता लेकराबाळांचं झालं असंल, न्हाई?" मी म्हणालो, "व्हय, गुरुजी."

काल वहीत वाचलं. एकाच बाजारातून आलेल्या तिघा पोरांनी आजारी लेकराची तीच एक विधवा तकलीफ म्हणून लिहिली आहे, शब्द न् शब्द सारखा. लबाड कुठले! मी मोठ्याने हसलो, आणि ऐकायला घरात कोणी नाही हे लक्षात आल्यावर रडूच आलं. ही वही तुम्हाला तोंडपाठ होती. मग माझंही तुम्हाला कळलं होतं का? हे कोणाला विचारू? वर्ग बंद पडला, बरोबरचे गेले, माझी पोरं पुण्याला असतात.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून लिहायला धीर झाला. तुम्ही गेल्यापासून जेवणाआधी त्या बाईसाठी मीच प्रार्थना करतो. ती नव्हतीच, हे मला ठाऊक आहे. पण तिला सोडलं, तर ताटावर मी एकटाच उरतो.