सासवांचं तेल

३ ऑक्टोबर
आले एकदाची ताईकडे. तीन आठवडे मुक्काम, मग लेक आणि नात मला न्यायला येणार. ताईची नजर अधू झाली आहे, म्हणून दुर्बिणीतून समुद्रावरचे पक्षी मी पाहायचे आणि तिच्या वहीत लिहायचे. हवा जितकी वाईट तितके पक्षी किनाऱ्याजवळ येतात, त्यामुळे आभाळ कोसळलं की ताई खूश. आज धुक्यातून चिखल्यांचा थवा पाण्याला चिकटून दक्षिणेकडे गेला. शाळेतून रांगेत घरी निघालेल्या आम्ही मुलीच जणू.

५ ऑक्टोबर
खिडकीखालच्या कड्यावर करडे, जाडे समुद्रपक्षी बसतात. ताई त्यांना सासवा म्हणते. लग्न केलं नाही तरी सासवा काही चुकल्या नाहीत, असं तिचं म्हणणं. आज वाकून पाहिलं, तर एकीने पोटातलं तेल माझ्या अंगावर ओकलं. पिवळं, कोमट, आत अर्धवट पचलेला मासा. परक्यावर त्या ओकतातच, नव्या सुनेनं सोसावं, म्हणून ताई हसत बसली. तीनदा आंघोळ केली. केसांतला वास जात नाही.

१० ऑक्टोबर
वारा, पाऊस आणि मला खोकला. ताईने चमचाभर औषध पाजलं. शाळेत सिस्टर नाक दाबून माशाचं तेल पाजायच्या, ते याच्यापुढे सरबत म्हणावं. गिळल्यावर कळलं, हे सासवांचंच. ती वीस वर्षं रोज घेते, छाती कशी ठणठणीत आहे म्हणाली. दोनदा चूळ भरली. खोकला मात्र थांबला.

१४ ऑक्टोबर
रोज सकाळी एक चमचा. नको म्हटलं की ताईचा चेहरा उतरतो, आणि आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. आज खिडकीतून वाकले तरी सासवा ओकल्या नाहीत. वेडीसारखा आनंद झाला.

१८ ऑक्टोबर
पोस्टमन आला, पायऱ्या आहेत की शिक्षा, असं पुटपुटत. ताईने दार उघडलं, मग तोंड उघडलं आणि — त्याच्या छातीवर. पिवळं. आत काटे. तो शिव्या देत पळाला. ताईने बाहीने ओठ पुसले. परकं माणूस दिसलं की आवरत नाही, एवढंच म्हणाली.

२१ ऑक्टोबर
चमचा बंद. बाटली कड्यावरून फेकली. तरी घशाशी सारखं काहीतरी येतं. कोमट. उशीवर डाग. धुतला — जात नाही —

२३ ऑक्टोबर
दूधवाला दिसला. दार लावायला उशीर झाला. त्याचे डोळे —
येऊ नका सांगायला लेकीला फोन लावला. तिचा आवाज ऐकला. परका वाटला. सगळा फोन तेलाने भरला.

२४ ऑक्टोबर
आल्या. नात पायऱ्यांवरून पुढे धावतेय, आजी आजी करत. लेक मागून ओरडतेय, हळू, घसरशील. ताई कडी काढतेय. आपलीच माणसं आहेत म्हणते. मी तोंड रुमालाने बांधलंय. रुमाल भिजतोय. याच पानाचा कोपरा फाडून दाराखालून सरकवला — आत येऊ नको — पण नात अजून वाचायला कुठे शिकली —