पहिल्या फेरीचा अर्ज

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
२८ ऑक्टोबर

प्रिय भाऊ,

पत्र बघून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, खाणावळीची पोळी अजून तशीच चिवट आहे आणि घरमालकीण चतुराबाई पाण्यावरून रोज सकाळी आम्हा पोरींचा उद्धार करते. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन केला की अण्णा तो स्पीकरवर टाकतात आणि हॉटेलात बसलेली चार माणसं माझी खुशाली ऐकतात. मला जे सांगायचंय ते चार माणसांत सांगता येत नाही.

जूनची गोष्ट आठव. इथल्या एका ट्रस्टच्या मोफत क्लासला माझी निवड झाली. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी जी परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी करून घेणारा क्लास, बास एवढंच. मी घरी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पुंजारामकाकांनी आपल्या पिशोरच्या स्टँडवर फ्लेक्स लावला. 'अमेरिकेला निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' दहावीच्या हॉलतिकिटावरचा माझा तो रडका फोटो, मागं विमान आणि खाली बावीस शुभेच्छुक. त्यातले निम्मे तर पोरीला शहरात ठेवू नका म्हणून अण्णांना सांगायला आलेले! आपण दोघं पोट धरून हसलो होतो. अण्णा मात्र, वाचता येत नाही तरी, बराच वेळ बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, "तुझं नाव कुठं लिवलंय, दाव." मी बोट ठेवून दाखवलं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं की अण्णा, अजून काहीच झालेलं नाही. नाही सांगितलं. काकांनी घाई केली, पण तिथून पुढची सगळी चूक माझी आहे.

आता नीट ऐक. मला हवं ते कॉलेज दोन फेऱ्यांत अर्ज घेतं. पहिल्या फेरीचा अर्ज एक नोव्हेंबरपर्यंत, त्याचं उत्तर डिसेंबरात. दुसरी फेरी जानेवारीत, तिचं उत्तर मार्च संपता संपता. पहिल्या फेरीत नाही म्हणाले, तर त्या साली तिथं पुन्हा अर्ज करता येत नाही. आणि आपल्याला नुसता प्रवेश मिळून उपयोग नाही, सगळा खर्च त्यांनी उचलला तरच जाणं. त्यासाठी सोळाशेपैकी साडेचौदाशेच्या आसपास मार्क लागतात. ऑक्टोबरच्या परीक्षेत मला पडले तेराशे वीस. गणितात जवळपास पैकीच्या पैकी, पण इंग्रजी उताऱ्यांनी माती केली. क्लासचे बद्रीनाथ सर म्हणतात, डिसेंबरची परीक्षा दे आणि जानेवारीत अर्ज भर. सरावात मार्क चढतायत, गेल्या रविवारी तेराशे नव्वदपर्यंत गेले होते.

मग अडलंय कुठं, असं म्हणशील. निकाल लागला दिवाळीच्या तोंडावर आणि मी तो पोटात घेऊन घरी आले. फराळाला येणारा जो तो विचारत होता, कधी उडायचं. मी हसून करंजी पुढं करत होते. पाडव्याला अण्णा मेंढरांच्या पाठीला गेरू लावत होते, मी डबा धरून उभी होते. मान वर न करता म्हणाले, "बानू, ज्याच्या रानात खताला मेंढरं बसवतो तो इचारतो, मल्हारराव, पोरगी कधी जायची? म्या काय सांगू?" तोंडातून निघून गेलं, "डिसेंबरात कळंल, अण्णा." त्या दिवशी त्यांनी एकेका मेंढराला दोन-दोनदा गेरू लावला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, डिसेंबरात कळणार.

तेव्हापासून मी अडकलेय, भाऊ. पहिल्या फेरीचा अर्ज पूर्ण भरून ठेवलाय, फक्त शेवटचं बटण दाबायचं बाकी आहे. रोज क्लासच्या कॉम्प्युटरवर उघडते, बघते आणि बंद करते. दाबलं तर डिसेंबरात शब्द पाळल्यासारखं होईल, पण या मार्कांवर उत्तर नाहीच येणार, आणि यंदाचं दार माझ्याच हातानं लागेल. नाही दाबलं तर डिसेंबर कोरडा जाईल आणि अण्णा कुणाच्या तरी रानात खाली मान घालून उभे राहतील. मला त्या बावीस शुभेच्छुकांचा राग येतो. अण्णांच्या आनंदाचासुद्धा येतो, आणि मग माझीच मला लई लाज वाटते. तू दहावीनंतर मेंढरांमागं गेलास, म्हणून मी इथं खुर्चीवर बसून हे रडगाणं लिहितेय, हेही कळतंय. काल सरांनी समोर बसवून विचारलं, "तू आत्ता भरलंस तर मी अडवणार नाही. पण कुणासाठी भरतीयेस, तेवढं सांग." मी कॉम्प्युटर बंद करून खोलीवर आले.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आज देते. मी पहिल्या फेरीत भरणार नाही. पिशोरला पत्र पोचायला चार-पाच दिवस लागतात, हे मी पोस्टात विचारून घेतलंय. हे तुझ्या हातात पडेल तोवर एक तारीख उलटून गेलेली असेल. फोनवर सांगितलं असतं तर अण्णा 'भर की मग' म्हणाले असते आणि त्यांचा आवाज ऐकून मी भरलंही असतं. पौर्णिमा झाली की ते मेंढरं घेऊन निघतील. त्याआधी त्यांना माणसांपासून लांब कुठंतरी बसव आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून वाचून दाखव. माझी चूक गाळू नकोस. त्यांनी मधेच थांब म्हटलं तरी शेवटपर्यंत वाच. मग ते काय म्हणाले ते मला कळव, आणि काहीच म्हणाले नाहीत, तर तेही कळव.

तुझीच,
बानू