पांढऱ्या पातळावरचा डाग

माय, तुझे डोळे चांगले होते. हे मी आता पुराव्यानिशी सांगू शकतो.

मूर्तिजापूरचं आपलं टिनाचं घर. मी नववीत गेलो त्या वर्षीची बुद्धपौर्णिमा, भर दुपार. विहारातून वंदना करून येऊन तू टेकली आहेस, आणि छपरातल्या खिळ्याच्या भोकातून कवडसा तुझ्या पांढऱ्या पातळावर पडलाय. रुपयाएवढ्या उजेडात एक काळा ठिपका. तू बोट ओलं करून घासतेस, पातळ सरकवतेस, ठिपका उजेडातच. ‘‘डाग पातळाले नाही, उनाले हाय,’’ तू म्हणालीस. आत्या हसून लोटपोट. ‘‘वहिनी, मंग सूर्याले साबन लाव ना!’’ पुढच्या पौर्णिमेच्या दोन दिवस आधी तेच पातळ धुऊन त्याच कवडशात घडी घालताना तू ओरडलीस, ‘‘परत आला वं!’’ बाबांनी तुला अमरावतीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. चष्मा आला. ठिपक्याचं तू पुन्हा कधी बोलली नाहीस.

आता अकोल्यात माझ्या गच्चीवर दुर्बीण आहे, भिंगं जुळवून मीच केलेली. कुणाकडे शिकलो नाही. सूर्याला डोळा लावत नाही, कागदावर त्याची प्रतिमा पाडतो आणि रोज एकाच वेळी डाग पेन्सिलीने टिपतो. डाग सरकत कडेला जातात, पलीकडे दिसेनासे होतात. मोठा असेल तर टिकून परत येतो. चारशे वर्षांपूर्वी लोकांनी असंच सूर्याचं फिरणं ताडलं. माझं उत्तर आलं सत्तावीस दिवस. (पुस्तकात पंचवीस असतात. मधल्या काळात पृथ्वीही पुढे जाते, तो फरक काढला, जुळलं.) सत्तावीस! पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस, वजा दोन, म्हणजे जवळपास तेवढेच! गच्चीवर एकटाच ओरडलो. मग इंटरनेटवर जुन्या वेधशाळांची हाताने काढलेली चित्रं धुंडाळली. तुझ्या बुद्धपौर्णिमेला सूर्याच्या मधोमध अवाढव्य डाग. तू ‘परत आला’ म्हणालीस त्या दिवशी तोच, पुन्हा मधोमध. खिळ्याच्या भोकातून पडणारा गोल कवडसा ही सूर्याचीच प्रतिमा; तिच्यात दिसायला डाग तेवढाच मोठा लागतो, तो हिशेबही केलाय.

आत्याला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘म्हंजे चष्मा मले पायजे होता.’’

हे पत्र तुझ्या पातळाच्या घडीतच राहील. आज सकाळी सूर्यावर मोठा डाग होता. कागदावर जास्त रेखीव दिसतो, मला माहीत आहे. तरी पेटीतून पातळ काढलं आणि दुर्बिणीमागे ताणून धरलं. आणि खरं सांगतो, बोट ओलं करून घासूनही पाहिला.