कातडी नसलेला उतार

१२ मे
आले एकदाची! नऊ वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली घरं रेखाटली. हे पहिलं माझं स्वतःचं. रस्त्यापासून थेट फंडी उपसागराच्या पाण्यापर्यंत सुटलेला हिरवा उतार. जागेवर राहिल्याशिवाय रेघ मारायची नाही, म्हणून राहायची कॅरॅव्हॅन उताराच्या मध्यावरच लावलीय. घर डोळ्यांपुढे उभं आहे: तीन टप्पे, पायऱ्यांसारखे उतरत जाणारे, पाठ मातीत, तोंड समुद्राकडे, समोर नुसती काच. खोदकामवाला डेल्फिस नकाशा बघून म्हणाला, "बाई, हे घर आहे की घसरगुंडी?" शेजारच्या म्हाताऱ्या व्हर्नाने काकवीचा पाव आणला. पाया कुठे येणार, असं विचारलं. मी बोट दाखवलं, तशी चहा न घेताच गेली.

१४ मे
चाचणीचा खड्डा घेतला. सहा फुटांवर खडक लागायला हवा होता. निघालं पिवळट, ओल्या साबणासारखं काहीतरी. यंत्राच्या दातांना लोंबत होतं. डेल्फिसने हुंगलं आणि बाजूला जाऊन ओकला. चरबी. वास केसांत बसलाय. पाव तोंडात घातला, तर त्यालाही तोच.

व्हर्नाकडे गेले. म्हणे, रस्त्यापलीकडे मिंक पाळायचे, मुंगसाएवढी मऊ केसांची जनावरं. बायकांच्या कोटांसाठी ती जनावरं सोलायची, सोललेली धडं इथे खाली लोटायची, वर दोन फावडी माती. चाळीस वर्षं. ती स्वतः सोलायच्या कामावर होती. "ही टेकडी नाही, पोरी, उकिरडा आहे. आजच्या आज बुजव तो खड्डा."

नाही बुजवला. पायाचे खांब आणखी खोल नेले की खडक लागेलच. हे घर मी सोडणार नाही.

१६ मे
खड्ड्याच्या भिंतीवर तपकिरी लव आलीय. मी बुरशी म्हटलं. डेल्फिस म्हणाला, बुरशी कसली, चांगले मुळासकट केस आहेत. आणि हसत हातमोजा काढून मूठभर धरून ओढले. हात सुटेना. सुटला तेव्हा तळव्याची कातडी तिथेच राहिली, उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी. रक्त नाही. दुखत नाही म्हणाला, तेच मला सहन झालं नाही. त्याला दवाखान्यात सोडून आले.

१८ मे
डेल्फिसच्या बायकोचा फोन. कातडी कोपरापर्यंत सुटलीय म्हणे. खड्ड्यात वाकून पाहिलं. त्याची कातडी भिंतीवर नीट पसरून बसली होती, हातावरच्या रेघांसकट, कडांनी चरबीला जुळलेली. वर-खाली होत होती. श्वास घेतल्यासारखी.

व्हर्ना धावत आली. म्हणाली, "त्यांचं आम्ही ओरबाडून घेतलं. आता त्यांना कुणाचंही चालतं." दोघींनी खड्डा भरला. माझे हातमोजे फाटले, तरी उघड्या हातांनी माती सारत राहिले. मूर्ख मी.

२० मे
खड्ड्यातली माती वर ढकलली गेलीय. फोन माझं बोट ओळखत नाही. बोटांची टोकं गुळगुळीत. नखाशी साल सुटली. ओढायची नाही, म्हटलं. ओढली. मऊ, ओली — बरं वाटलं. बरं वाटतंय, याचीच किळस येते.

२१ मे, सकाळ
उतारावर गवत नाही. सगळी लव. वारा विंचरतोय. मधे मधे उघडं, गुलाबी, चिकट —

कॅरॅव्हॅनची चाकं रुतलीत. आतल्या फळ्यांच्या फटींतून चरबी वर येतेय. बुटांत भरलीय. व्हर्ना रस्त्यावरून दोर टाकतेय, ओरडतेय, "पोरी, वर ये! खाली पाय टेकू नकोस!" चाळीस पावलं फक्त —

पेन निसटतंय. उठते. डावा पाय उचलला, पण तळवा — तळवा खालीच —