मांडीवरची जागा

मल्लेश्वरम, ३ जानेवारी २०२५

चि. सौ. श्वेतास सासूचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि तुझ्याशी भांडायचं तर सगळं नीट पोचायला हवं, म्हणून अभिराजच्या डब्याच्या पिशवीत हे पत्र. देवळात जाताना नातू माझ्या मांडीवर नाही, तुमच्या गाडीतल्या त्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेला, तोही मागे तोंड करून. दहा महिन्यांच्या पोराने रस्ता बघू नये का? मी उतरून रिक्षाने गेले ते उगीच नाही. अभिराजला मी मांडीवरच वाढवलं. शेजारच्या ठकुबाई म्हणाल्या, सुनेचा तुमच्यावर भरवसा नाही वाटतं. मला लागलं ते.

खुर्ची कडक आहे. माझ्या जुन्या लुगड्यांची जाड गोधडी शिवली आहे, ती त्याच्या खाली घाल. संक्रांतीला, त्याच्या बोरन्हाणासाठी मला न्यायला याल तेव्हा बघेन.

राग स्वल्प आहे, माया पुष्कळ.
अक्का

महादेवपुरा, ६ जानेवारी २०२५

ती. अक्कांस शि. सा. न. वि. वि.

गोधडी उघडली आणि तुमचा नातू अभिमन्यू तिच्यात तोंड खुपसून हसत सुटला. तुमच्यावर भरवसा नाही असं मनातही आणू नका. भरवसा नाही तो अचानक लागणाऱ्या ब्रेकचा. इंदिरानगरच्या दुकानात आम्ही दोनदा गेलो. त्याचं वजन, उंची सांगितली, आमच्याच गाडीत खुर्ची बसवून हलवून पाहिली, मग घेतली. तोंड मागे, कारण गचका बसला तर मान आणि डोकं खुर्चीच्या पाठीच्या आधाराला राहतं.

पण गोधडी खाली घालता येत नाही, अक्का. मी घालून पाहिली. पट्टे छान घट्ट वाटले. ते तसेच ठेवून गोधडी तेवढी काढली, तर पट्ट्याखाली माझी मूठ आत गेली; गचक्याला गोधडी दबली की पट्टे तेवढेच सैल पडणार. तुम्ही डोळे ताणून घातलेले टाके बघून हे लिहिणं जड जातंय. रागावलात तरी या वेळी रिक्षा करू नका.

रागवायचा हक्क तुमचाच, लोभही तसाच असू द्या.
आपली श्वेता

मल्लेश्वरम, ९ जानेवारी २०२५

चि. सौ. श्वेतास अनेक आशीर्वाद.

मूठ आत गेली, इथवर वाचलं आणि पत्र खाली ठेवलं.

अभिराजच्या भुवईवरची खूण तुला ठाऊक आहे. पायरीवरून पडला असं आम्ही सगळ्यांना सांगितलं, त्यालाही. तो माझ्या मांडीवरून पडला. वर्षाचा होता. रिक्षापुढे गाय आली, ब्रेक लागला. दोन्ही हातांनी धरलं होतं गं मी, घट्ट. तरी सुटला. हे म्हणाले, पायरी सांगू या. हे गेले, मी अजून पायरीच सांगते. आता त्याला खरं काय ते मीच सांगेन, तू बोलू नकोस.

ठकुबाईंना म्हटलं, माझ्या सुनेचं सरी आहे, अगदी बरोबर.

संक्रांतीला मी मागे, त्याच्या शेजारी बसेन. आधी तू पट्टे आवळ, बोटं घालून बघ. मग गोधडी वरून मी पांघरेन.

माया आहेच, शेजारची जागा तेवढी ठेव.
तुझी अक्का